फोटोतल्या माणसाला हलवण्याआधी



या सदराकडे येणारी पत्रं बहुतेक ठरलेल्या वळणाची असतात. लोणच्याला बुरशी का आली, जरीची साडी काळी का पडली, फ्रिजचा वास कसा घालवायचा. या खेपेला मिरजेच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे, ते मात्र अगदी वेगळं आहे. वाचून मी दोन दिवस तसंच ठेवलं, मग पुन्हा वाचलं. त्यातला प्रश्न एकट्या त्यांचा नाही, उद्या तो आपल्या कुणाच्याही घरात उभा राहील, म्हणून सगळा आठवडा त्यालाच देते आहे.

त्या लिहितात : "येत्या महिन्यात सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन आहे. मामंजींना जाऊन चौदा वर्षं झाली. त्यांचा एकही व्हिडिओ आमच्याकडे नाही, फोटो तेवढे आहेत. माझा मुलगा इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आजोबांचा फोटो हलता करून आजीला समारंभात दाखवायचा, असं त्याच्या मनानं घेतलं आहे. महिनाभर रात्ररात्र बसून तो कसकसल्या प्रायोगिक जोडण्या उतरवून घेतो आहे. पहिली फीत झाली त्यात मामंजींना सहा बोटं आली आणि शेजारी बसलेल्या सासूबाईंचं मंगळसूत्र पदरात विरघळून गेलं. आम्ही हसलो. दुसरी मात्र इतकी हुबेहूब झाली की माझ्याच अंगावर काटा आला. मामंजी मान वळवतात आणि हसतात. सासूबाई तेव्हा सहज खोलीत आल्या. त्यांनी ती दोनदा पाहिली आणि म्हणाल्या, 'हे कोण गं? हे असे नव्हते हसत.' मग जाऊन पडून राहिल्या. मुलगा म्हणतो, आणखी एक जोडणी लावली की हसणं दुरुस्त होईल. मला यातलं काही कळत नाही. काँप्युटरला धोका आहे का, विजेचं बिल किती येईल, आणि मुख्य म्हणजे त्याला पुढे जाऊ द्यावं की थांबवावं?"

ताई, तुमचे प्रश्न तीन आहेत. पहिले दोन सोपे आहेत. तिसऱ्याचं उत्तर द्यायचं तर हे यंत्र काम कसं करतं ते आधी थोडं समजून घ्यायला हवं. घाबरू नका. ज्या बाईला शिवणयंत्र कळतं, तिला हेही कळतं.

हे होतं तरी कसं?

पांढऱ्या कपड्यांसाठी बादलीत निळीचा थेंब टाकला की तो हळूहळू पसरतो आणि शेवटी सगळं पाणी एकसारखं निळं होतं. या पसरण्यालाच इंग्रजीत डिफ्यूजन म्हणतात, आणि या यंत्रांचं नावही त्यावरूनच पडलं आहे. शिकवताना यंत्रापुढे एक चांगलं चित्र ठेवतात आणि त्यावर थोड्या थोड्या 'मुंग्या' टाकत जातात. जुन्या टीव्हीवर कार्यक्रम संपला की दिसायच्या ना, तशा. शेवटी चित्र पार बुडून जातं. यंत्रानं शिकायचं ते उलटं काम : या मुंग्यांतून कुठल्या काढल्या म्हणजे चित्र थोडं स्वच्छ होईल? असं लाखो-कोटी चित्रांवर घोटून घेतलं की नुसत्या मुंग्या दिल्या तरी ते पायरीपायरीनं त्या पुसत एक नवंच चित्र बाहेर काढतं. आपण सांगू तसं : नऊवारीतली बाई, दारात तुळस, सकाळची वेळ.

ही कल्पना २०१५ मध्ये पहिल्यांदा मांडली गेली आणि २०२० मध्ये तिला चांगलं रूप आलं. ऑगस्ट २०२२ मध्ये 'स्टेबल डिफ्यूजन' नावाचं असं एक यंत्र सर्वांसाठी खुलं झालं आणि ते घरच्या काँप्युटरवर चालू लागलं. ते घरी चालतं त्याचं एक कारण मजेचं आहे. ते चित्र पूर्ण आकारात रंगवतच नाही. ५१२ ठिपके लांब-रुंद चित्र आधी ६४ बाय ६४ च्या छोट्या सारांशात बसवतं, सगळी पुसापुशी तिथे करतं आणि शेवटी ते मोठं करतं. मोठी रांगोळी घालण्याआधी आपण वहीत छोटी काढून पाहतो, तसंच.

आता यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एकच. हे यंत्र फोटो *हलवत* नाही. ते प्रत्येक वेळी नवं चित्र *काढतं*. पुढे याच मुद्द्यावर मी परत येणार आहे.

'जोडण्या' म्हणजे काय?

चित्र काढणाऱ्या यंत्राला एकामागून एक सोळा चित्रं काढायला सांगितली तर सोळाही वेगवेगळी येतात. पहिल्यात पाच निऱ्या, दुसऱ्यात सात, तिसऱ्यात कुंकू जरा वर. ती भराभर दाखवली तर नुसता लखलखाट दिसतो. यावर तोड म्हणून हाँगकाँगचं चिनी विद्यापीठ, शांघायची एक प्रयोगशाळा आणि अमेरिकेतलं स्टॅनफर्ड विद्यापीठ इथल्या संशोधकांनी जुलै २०२३ मध्ये 'अॅनिमेटडिफ' नावाची जोडणी मांडली. मूळ यंत्राला त्यांनी हात लावला नाही. त्याच्या पोटात फक्त एक थर बसवला. सोळाही चित्रांवर एकदम नजर ठेवून 'मागच्या चित्रात पदर इथे होता, तर आता तो एवढाच सरकला पाहिजे' हे सांभाळणं, हे त्या थराचं काम.

शिवणयंत्राला आपण काजाची किंवा पिकोची जोडणी लावतो ना? मशीन तेच, मोटर तीच, पण एक लहानसा तुकडा बदलला की काम बदलतं. हा अगदी तोच प्रकार आहे. आणि एकदा हे जमल्यावर हौशी लोकांनी जोडण्यांचा नुसता पाऊस पाडला. तुमच्या मुलाच्या तोंडी येणारी काही नावं सांगते, म्हणजे तो काय बोलतो ते कळेल.

*लोरा* : मोठं यंत्र तसंच ठेवून त्याची चव थोडी बदलणारी छोटी फाईल. आमटी तीच, फोडणी वेगळी. ही युक्ती २०२१ मध्ये भाषेच्या यंत्रांसाठी निघाली आणि मग चित्रांकडे आली. अॅनिमेटडिफसाठी अशा काही फायली कॅमेरा पुढेमागे नेण्याच्या किंवा बाजूला सरकवण्याच्या आहेत.

*कंट्रोलनेट* : फेब्रुवारी २०२३ चं. आकृतीच्या रेषा किंवा माणसाच्या उभं राहण्याची ढब आपण आखून द्यायची आणि यंत्रानं त्या मापात राहायचं. बेतायच्या कागदासारखं. कागद ठेवला की कात्री भलतीकडे जात नाही.

*आयपी-अॅडॅप्टर* : ऑगस्ट २०२३ चं. शब्दांत सांगण्याऐवजी एक फोटो दाखवायचा आणि 'असं हवं' म्हणायचं. आपण शिंप्याला मापाचा ब्लाउज देतो तसं. पण शिंपी मापाच्या ब्लाउजवरून *नवा* शिवतो, तोच परत देत नाही, हे विसरायचं नाही.

*राइफ* : दोन चित्रांच्या मधलं चित्र भरून काढणारी जोडणी. सोळाची बत्तीस झाली की चाल जरा मऊ दिसते.

*फ्रेमपॅक* : एप्रिल २०२५ चं. कंट्रोलनेट काढणाऱ्या ल्वमिन झांग यांचंच. तुमच्या मुलाची दुसरी फीत बहुधा यावरच झाली असावी, कारण याला एक फोटो आणि एक ओळ सूचना पुरते. यातली युक्ती बायकांना लगेच पटेल. रोजच्या साड्या आपण हाताशी मोकळ्या ठेवतो आणि जुन्या घट्ट घडी घालून कपाटाच्या मागे सारतो. हे यंत्र ताजी चित्रं मोठी ठेवतं आणि जुन्यांच्या बारीक बारीक घड्या घालतं. त्यामुळे फीत लांबली तरी लागणारी जागा वाढत नाही. दुसरं म्हणजे लांब फितीत चेहरा बदलत जातो, कानगोष्टीच्या खेळात शब्द बदलतो तसा. त्यावर उपाय म्हणून हे शेवटाकडून काम करत मूळ फोटोपर्यंत मागे येतं. म्हणून काम चालू असताना पडद्यावर आधी शेवटचाच भाग दिसतो. बिघडलं असं समजून बंद करू नका.

या सगळ्या जोडण्या एकत्र गुंफायला बरेच जण 'कंफीयूआय' वापरतात. जानेवारी २०२३ पासून ते आहे. पडद्यावर चौकटी असतात आणि एकीतून दुसरीत तारा नेलेल्या असतात. पाहिलं तर मांडवाच्या लाइटिंगवाल्याचा पसारा आठवतो.

'प्रायोगिक' या शब्दाचा अर्थही घरगुती भाषेत सांगते. आज चाललेली वस्तू उद्या चालेलच असं नाही. मूळ यंत्र सुधारलं की जोडणी बसत नाही. तेव्हा मुलाला सांगा : जे जुळून आलं आहे त्याची नावं आणि आवृत्त्या वहीत लिहून ठेव, आणि समारंभाच्या आधीच्या पंधरवड्यात काहीही 'अपडेट' करू नको. कार्याच्या दिवशी नव्या मिक्सरमध्ये पुरण वाटायला घेऊ नये, तसंच हे.

वेळ, वीज आणि जागा

फ्रेमपॅकला चित्रांचं काम करणारं जे कार्ड लागतं, त्याला निदान ६ जीबी स्मरण हवं. पहिल्या वेळी ३० जीबीहून जास्त सामान उतरवून घ्यावं लागतं. मोबाइलच्या डेट्यावर हे करायला गेलात तर घरातल्या सगळ्यांचा डेटा संपेल.

वेळेचा हिशेब असा. सेकंदाला ३० चित्रं, म्हणजे पाच सेकंदांना १५० चित्रं. करणाऱ्यांनीच दिलेल्या माहितीप्रमाणे महागड्या मोठ्या कार्डावर एका चित्राला अडीच सेकंद लागतात, म्हणजे सव्वासहा मिनिटं. साध्या लॅपटॉपवर याच्या चार ते आठ पट, म्हणजे पंचवीस ते पन्नास मिनिटं. तेही एका प्रयत्नाला, आणि मनासारखं जमायला असे दहा तरी लागतात. मुलगा रात्ररात्र का बसतो, ते आता कळलं ना!

'टीकॅश' म्हणून एक जोडणी हा वेळ कमी करते. पायरीपायरीत फरक फारसा पडत नसेल तर ती मधल्या पायऱ्या गाळते. दूध तापायला ठेवल्यावर आपणही दर सेकंदाला डोकावत नाही. पण यात हात आणि बोटं थोडी बिघडतात, असं त्या पडद्यावरच लिहिलेलं असतं. तेव्हा कच्चा नमुना टीकॅशवर करावा आणि पक्कं काम त्याच्याशिवाय. जुन्या कपड्यावर बेतून पाहावं आणि मगच खणाला कात्री लावावी, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

विजेचं म्हणाल तर भीतीचं कारण नाही. अशा लॅपटॉपच्या चार्जरवर व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात, त्यांचा गुणाकार करा. २० व्होल्ट आणि १० अँपिअर म्हणजे २०० वॅट. पाच तास चालला की एक युनिट झालं. तुमची १००० वॅटची इस्त्री सलग तापत राहिली तर तेवढं तासाभरात खाते. रात्रभराचे दोन युनिट धरा आणि महिन्याचा हिशेब बिलावरच्या दरानं करा. खरी काळजी उष्णतेची घ्या. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून चालवू देऊ नका. लाकडी पाटावर ठेवा, खालची जाळी मोकळी राहू द्या आणि जाळीतली धूळ मऊ ब्रशनं काढा.

कडी-कुलूप

जोडण्या लिहिणारे बहुतेक हौशी आणि सज्जन असतात, पण दारावर येणारा प्रत्येक बोहारी सारखा नसतो. जून २०२४ मध्ये कंफीयूआयसाठीच्या एका जोडणीत चोरीचा भाग दडवलेला सापडला. लावणाऱ्याच्या काँप्युटरमधले पासवर्ड आणि कार्डांची माहिती ती बाहेर पाठवत होती. डिसेंबर २०२४ मध्ये तर एका नावाजलेल्या सामानाच्या नव्या आवृत्तीतच भेसळ झाली. ज्यांनी ती घेतली, त्यांचे काँप्युटर त्यांच्या नकळत दुसऱ्यासाठी आभासी नाणी तयार करू लागले. त्या सामानावर अवलंबून असलेल्या जोडण्या वापरणाऱ्यांनाही त्याचा फटका बसला. म्हणून पाच नियम घरात पाळा :

१. ज्या काँप्युटरवर बँकेचं काम होतं, त्यावर हे प्रयोग नकोत. दुसरा काँप्युटर नसेल तर बँकेचं काम फोनवर ठेवा आणि काँप्युटरमध्ये साठवलेले पासवर्ड काढून टाका.

२. यंत्राच्या मोठ्या फायली 'सेफटेन्सर्स' या प्रकारातल्याच घ्या. त्यात नुसते आकडे असतात. जुन्या प्रकारच्या फायलींत चालणाऱ्या सूचना लपवता येतात. सुटं तिखट आणि सीलबंद पाकीट यांत जो फरक, तोच इथे.

३. काल निघालेली जोडणी आज लावू नका. चार जणांनी महिनाभर वापरली की मग पाहा.

४. घरच्या काँप्युटरवर काम होतं याचा मोठा फायदा म्हणजे फोटो घराबाहेर जात नाही. 'फोटो पाठवा, आम्ही हलवून देतो' म्हणणाऱ्या अनोळखी ठिकाणी घरातल्या कुणाचाही फोटो देऊ नका. मुलीसुनांचा तर मुळीच नाही.

५. उद्या कुणी आपल्या घरातल्या माणसाची खोटी फीत केलीच, तर लाजून गप्प बसू नका. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवा किंवा जवळच्या पोलिस ठाण्यात जा. पैशाची फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा.

हसू कुणाचं?

आता तिसरा प्रश्न, ताई. तुम्ही पत्र लिहिलं ते खरं यासाठीच.

सासूबाई म्हणाल्या, "हे असे नव्हते हसत." तुम्हाला वाटलं, वयामुळे त्या गोंधळल्या. मला विचाराल तर त्या खोलीत सगळ्यात नेमकं बोलल्या त्या सासूबाईच.

हलायचं कसं, हे यंत्र शिकतं कुठून? अॅनिमेटडिफचा तो थर शिकवला गेला सुमारे एक कोटी छोट्या फितींवर. जाहिरातवाल्यांना आणि सिनेमावाल्यांना विकण्यासाठी तयार ठेवतात तशा त्या फिती होत्या. कुणी हसतंय, कुणी चहा पितंय, कुणी समुद्रावर चालतंय. त्या फितींवर विकणाऱ्या कंपनीचा पुसट शिक्का होता. यंत्र इतकं आज्ञाधारक की सुरुवातीला नव्या फितींतही तो शिक्का उमटायचा! पुढे करणाऱ्यांना तो झाकण्यासाठी आणखी एक जोडणी काढावी लागली. नवी यंत्रं याहून मोठी आहेत, पण रीत तीच : हजारो-लाखो परक्या माणसांच्या हालचाली पाहायच्या आणि त्यातून 'माणूस साधारण असा हसतो' हे उचलायचं.

मामंजींच्या फोटोत यंत्राला काय मिळालं? नाक, कपाळ, मिशी, टोपी. एका क्षणाचं. हसताना ते आधी डोळे मिटायचे का, मान खाली घालायचे का, ओठांवर हात न्यायचे का, हे फोटोत नाहीच. जे नाही ते यंत्रानं परक्यांकडून उसनं आणलं आणि मामंजींच्या चेहऱ्यावर लावलं. मी वर म्हटलं होतं ना, की ते फोटो हलवत नाही, नवं चित्र काढतं? तसंच झालं. चेहरा मामंजींचा ठेवला, हसू दुसऱ्या कुणाचं. तुम्हाला ते ओळखू आलं नाही. ज्या बाईनं ते हसू आयुष्यभर समोरून पाहिलं, तिला आलं.

मुलगा म्हणतो, आणखी एक जोडणी लावली की दुरुस्त होईल. त्याला प्रेमानं सांगा : बोटं दुरुस्त होतील, मंगळसूत्र जागेवर राहील, लखलखाट जाईल. हसू दुरुस्त होणार नाही, कारण ते कुठल्या फायलीत नाही. ते एका माणसाच्या आठवणीत आहे, आणि ते माणूस आता ऐंशी ओलांडून गेलं आहे.

मला भीती वाटते ती एकाच गोष्टीची. ती फीत वारंवार पाहिली की तेच हसू मनात बसेल आणि खरं मागे सरेल. तुमच्या नातवंडांना तर दुसरं काही माहीतच नसेल. वीस वर्षांनी ती म्हणतील, "पणजोबा असे हसायचे." आणि 'नाही रे' म्हणणारं कुणी उरलेलं नसेल.

मग समारंभाला काय करावं?

मुलाला थांबवा असं मी म्हणणार नाही. आजीसाठी महिनाभर जागणारा नातू कुणाला मिळतो? त्याची दिशा तेवढी वळवा.

पहिलं, आजीला विचारा. सगळ्यांसमोर नाही, चारचौघांत तर नाहीच. दुपारी त्यांच्याजवळ बसून : "तो फोटो हलता केलेला तुम्हाला आवडेल का, की आहे तसाच बरा?" त्या नको म्हणाल्या तर तिथेच विषय संपला. हो म्हणाल्या तरी पहिल्यांदा एकट्या त्यांना दाखवा, हॉलमध्ये दीडशे माणसांपुढे नको.

दुसरं, मूळ फोटो आधी चांगला स्कॅन करून घ्या आणि तो कुठल्याही यंत्रात घालण्याआधी त्याच्या दोन प्रती वेगळ्या ठेवा.

तिसरं, समारंभात दाखवायला एक साधी रीत आहे. फोटो मोठा करून त्यावरून नजर सावकाश फिरवायची. आधी हात, मग मांडीवरचं मूल, मग चेहरा. यासाठी या यंत्राची गरजच नाही. फोनवरचं कुठलंही व्हिडिओ जोडायचं साधन ते करतं. कॅमेरा सरकवणारी लोरा मात्र यासाठी वापरू नका. तीही प्रत्येक चित्र नव्यानं काढते आणि चेहरा हळूच बदलतो.

चौथं, मुलाला जोडण्यांची हौस भागवायचीच असेल तर माणसं सोडून बाकीचं हलवू दे. मागचं झाड, खिडकीचा पडदा, समईची ज्योत. जेवढं हलवायचं तेवढ्यावरच आखणी करायची आणि चेहरे, हात यांच्या जागी मूळ फोटोचा भाग जसाच्या तसा परत बसवायचा. याला कौशल्य लागतं, मुलाची करमणूक होईल, आणि सासूबाईंच्या माणसाला कुणी हात लावणार नाही.

पाचवं, यंत्रानं केलेली फीत कुठलीही असो, 'ही यंत्रानं केलेली आहे' हे आणि साल तिच्यावरच लिहा. फायलीच्या नावात लिहून भागत नाही, ते फोनवरून पाठवताना गळून पडतं. लोणच्याच्या बरणीवर आपण तारीख चिकटवतो, ही तर घरची आठवण आहे.

आणि सहावं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. समारंभाच्या आधी नातवानं एका दुपारी आजीपुढे फोन घेऊन बसावं. फोन आडवा धरायचा आणि उशीवर टेकवून ठेवायचा. आजीच्या तोंडावर खिडकीचा उजेड हवा, पाठीमागे नको. पंखा आणि टीव्ही बंद. फोन हातभर अंतरावर, म्हणजे आवाज नीट येतो. दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको, त्या दमतील. 'आजोबांबद्दल सांग' असं मोघम विचारलं तर म्हातारी माणसं 'काय सांगायचं' म्हणून गप्प बसतात. नेमकं विचारावं : आजोबा कशाला हसायचे? कसे हसायचे, करून दाखव. तुला हाक कशी मारायचे? रागावले की काय करायचे?

त्या करून दाखवतील. त्यांच्या चेहऱ्यावर, त्यांच्या हातांत मामंजींचं खरं हसू जेवढं शिल्लक आहे तेवढं उतरेल. आणि त्याबरोबर त्या स्वतःही उतरतील, आवाजासकट. मामंजींच्या वेळी हे राहून गेलं. सासूबाईंच्या वेळी राहू नये. ती फीत दोन ठिकाणी साठवा, एक घरात आणि एक मुलीच्या किंवा दिराच्या घरी. समारंभात तीच दाखवलीत तरी चालेल.

ताई, मुलावर रागावू नका, आणि सासूबाईंना 'तुम्हाला कळत नाही' असंही म्हणू नका. काय झालं ते समारंभानंतर दोन ओळींत अवश्य कळवा.

इतर वाचक भगिनींनीही आपापल्या घरातले अनुभव लिहून पाठवावेत. पुढल्या आठवड्यात : पावसाळ्यात जुन्या फोटो-अल्बमला येणारा दमटपणा, आणि चिकटलेले फोटो न फाडता कसे सोडवावेत.